चौथा झटका

डोळे उघडत नव्हते, कान मात्र लख्ख उघडे होते. २०१९ सालची गोष्ट. हर्नियाचं ऑपरेशन, दुर्बिणीतून, ठाण्यात घराजवळच्याच एका नर्सिंग होममध्ये. "काका, झालं बरं का ऑपरेशन, डोळे उघडा," असं कुणीतरी म्हणत होतं. मी उघडत होतो. म्हणजे आतून जोर लावत होतो, पण पापणी जागची हलत नव्हती. मग आवाज आला, "डोकं उचला बघू, पाच सेकंद धरा." डोकं उशीपासून जेमतेम सुटलं आणि परत पडलं. घशात थुंकी साचली होती, ती गिळता येईना. श्वास घेतला की गळ्यापर्यंत जाऊन परत फिरायचा. गुदमरतोय हे सांगायचं तर जीभ वळेना. कशीबशी बोटं हलवली, तर सिस्टरला वाटलं थंडी वाजतेय. तिने मायेनं आणखी एक पांघरूण घातलं.

ऑक्सिजनचा आकडा घसरला, मशीन ओरडायला लागलं, तेव्हा धावपळ झाली. तोंडावर मास्क धरून कुणीतरी अर्धा तास बॅग दाबत बसलं. संध्याकाळी मी चहा प्यायलो. डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं, की भुलीतून बाहेर यायला वेळ लागला. आई म्हणाली, तो लहानपणापासून झोपाळूच आहे. विषय तिथेच मिटला.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, चोवीस वर्षं झाली. राहायला चरईत, त्यामुळे रोज ट्रान्स-हार्बरने ठाणे ते रबाळे आणि परत. हर्नियाच्या थोडं आधीपासूनच संध्याकाळी घरी येताना ऐरोलीची पाटी मला दोन दिसायची, एकीच्या अंगावर दुसरी तिरकी रेललेली. सकाळी जाताना तीच पाटी एक. एक डोळा मिटला की संध्याकाळीही एक. चष्मेवाल्यानं दोनदा नंबर बदलून दिला, दोन्ही वेळा फरक शून्य. मग जेवताना भाकरी अर्धी झाली की जबडा थकायला लागला. बायकोनं एक दिवस विचारलं, "अहो, जेवताना हनुवटीला हात का लावून बसता?" मला पत्ताच नव्हता की मी हातानं जबडा वर ढकलतोय. दुपारनंतर फोनवर बोललो की स्टोअरकीपर म्हणायचा, सर्दी झालीय का.

मधली दोन-तीन वर्षं गेली. त्यात कोविड, त्यात मेंदूचा एमआरआय, तो स्वच्छ. एका डॉक्टरांनी टेन्शन कमी घ्या म्हणून सांगितलं. पॅनेलमध्ये धूर दिसत नाही म्हणून फॉल्ट नाही असं म्हणणारे फोरमन मी पाहिलेत, त्यामुळे मला राग आला नाही, ओळख पटली.

२०२२ मध्ये नवी मुंबईतल्या एका न्यूरोच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, छताकडे बघत राहा, पापणी मिटू नका. मिनिटभरात डावी पापणी शटरसारखी खाली आली. मग रबरी हातमोज्यात बर्फ भरून दोन मिनिटं त्या डोळ्यावर ठेवला. काढला तर पापणी वर! बायको "अगबाई" म्हणाली. डॉक्टर म्हणाले, थंडीत हे जोड जरा बरं काम करतात. कुठले जोड, ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं आणि मला पहिल्यांदा माझा आजार कळला, कारण चित्र माझ्या ओळखीचं होतं.

नस म्हणजे केबल. स्नायू म्हणजे मोटर. केबल मोटरला थेट जोडलेली नसते, मध्ये एक बारीकशी फट असते. नसेच्या टोकातून असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते फट ओलांडून स्नायूवरच्या ठरावीक जागांवर बसतं, तेव्हा स्नायू आवळतो. म्हणजे मध्ये कॉन्टॅक्टर आहे, मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच. माझी केबल शाबूत, मोटर शाबूत, पण शरीरानंच तयार केलेली अँटिबॉडी कॉन्टॅक्टरच्या पॉइंटवर हल्ला करत होती. अशा कॉन्टॅक्टरचा स्वभाव कुठल्याही वायरमनला ठाऊक असतो. विश्रांतीनंतर पहिल्या झटक्याला छान ओढतो, लागोपाठ चालवला की फडफडायला लागतो. सकाळी एक पाटी, संध्याकाळी दोन. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हे नाव घरी कुणाला नीट म्हणता यायचं नाही. आई अजूनही "ते ग्रीस" म्हणते.

खात्रीसाठी जी तपासणी झाली तिच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण तीच पुढे दुसऱ्या वेषात परत भेटली. नसेवर सेकंदाला तीन या वेगानं बारीक विजेचे झटके देतात आणि स्नायूचं उत्तर मोजतात. निरोगी माणसात पहिलं उत्तर आणि चौथं उत्तर सारखंच. चौथं पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर इथे काहीतरी आहे. माझ्या खांद्याच्या स्नायूत ते जवळपास पाव भागानं घटलं. पडद्यावर पायऱ्या उतरल्यासारखी रांग दिसत होती. तंत्रज्ञ मुलगा सॉरी काका, सॉरी काका करत झटके देत होता, आणि मी त्याला पल्स किती रुंदीचा आहे ते विचारत होतो.

रक्तात अँटिबॉडी सापडली. छातीचा सीटी झाला, कारण या आजाराच्या दहातल्या एखाद्या माणसाच्या छातीच्या मधल्या हाडामागे, थायमस ग्रंथीत, गाठ असते. तो एखादा मी निघालो. गाठ काढायचीच, असं ठरलं.

पण लगेच नाही. "आधी तब्येत वर आणू, मग ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. पायरिडोस्टिग्मिनच्या साठ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून चार वेळा. अर्ध्या-पाऊण तासात पापणी उचलते, तीन-चार तासांनी परत झुकायला लागते. पोटात मुरडा येतो, तोंडाला पाणी सुटतं. जास्त घेतली तरी अशक्तपणाच येतो, म्हणून मनानं वाढवायची नाही. सोबत स्टेरॉइड हळूहळू वाढवत नेलं. मग ऑपरेशनच्या आधी पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीच्या बाटल्या, सलाइनमधून. तो खर्च ऐकून बायकोनं पदर तोंडाला लावला. इन्शुरन्सवाल्यांशी झालेल्या पत्रव्यवहाराबद्दल मी इथे लिहीत नाही, तो वेगळा आजार आहे.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाची भेट असते. २०१९ मध्ये ही भेट दोन मिनिटांत आटोपली होती, दात हलतात का, दारू घेता का, सही करा. इथल्या मॅडमनी पाऊण तास घेतला. गिळताना ठसका लागतो का, रात्री आडवं पडल्यावर श्वास लागतो का, सकाळी डोकं दुखतं का. एका श्वासात मोठ्यानं अंक मोजायला लावले. मी एकतीसपर्यंत गेलो. त्या म्हणाल्या, दर वेळी मराठीतच मोजा हं, मध्येच इंग्रजीत गेलात तर आकडे जुळायचे नाहीत. मग मी हर्नियाची हकिकत सांगितली. पांघरुणापर्यंत आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तेव्हा तुम्हाला हा आजार होताच. कुणाला माहीत नव्हता," त्या म्हणाल्या. "पण अंगठ्याला काही लावलं होतं का? झटके देऊन मोजलं होतं?"

"जागा होतो तेव्हा तरी नाही. बोटाला तो ऑक्सिजनचा चिमटा होता, बस."

मग त्यांनी समजावलं. पोटाच्या, छातीच्या ऑपरेशनला नुसती झोप पुरत नाही, स्नायू सैल करणारं औषध द्यावं लागतं. त्याची वंशावळ दक्षिण अमेरिकेतल्या क्युरारे नावाच्या बाणाच्या विषापर्यंत जाते. २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते पहिल्यांदा भुलीसोबत वापरलं, आणि तिथून भूलशास्त्रच बदललं. हे औषध करतं काय? कॉन्टॅक्टरच्या पॉइंटवर जाऊन नुसतं बसतं. असिटिलकोलीनला जागाच मिळत नाही. म्हणजे माझा आजार जे बारा महिने थोडं थोडं करतो, तेच हे औषध दोन मिनिटांत पूर्ण करतं. ग्रिनिचच्या सेंट आल्फेज हॉस्पिटलात मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी १९३४ मध्ये नेमकं हेच साम्य हेरलं होतं. क्युरारेची विषबाधा उतरवणारं औषध त्यांनी मायस्थेनियाच्या एका बाईला टोचलं, आणि तिची पापणी उचलली गेली. माझी रोजची गोळी त्या इंजेक्शनचीच नात आहे.

"निरोगी माणसात," मॅडम म्हणाल्या, "या जागा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. सुमारे तीन चतुर्थांश अडल्या तरी एकेका झटक्याला स्नायू पूर्ण उत्तर देतो. तुमच्याकडे हा साठाच नाही. त्यामुळे त्यांना लागतो त्याचा छोटासा हिस्सा औषधही तुम्हाला भारी पडतो." आणि लगेच उलटी गंमत सांगितली. स्नायू सैल करणारं दुसऱ्या जातीचं एक औषध आहे, सक्सिनिलकोलीन. ते अडवून बसत नाही, जागा चेतवत राहून स्नायू थकवतं. मायस्थेनियात जागाच कमी, म्हणून ते नेहमीपेक्षा जास्त लागतं. तेच औषध काही स्नायुविकारांत जिवावर बेतू शकतं. न्यूरोच्या ओपीडीत डोंबिवलीचे एक गृहस्थ व्हीलचेअरवरच्या मुलाला घेऊन यायचे, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू झिजत जाणारा आजार. त्या मुलाला ते दिलं तर स्नायूंतून पोटॅशियम भसकन रक्तात येऊन हृदय थांबू शकतं. स्नायूंचा आजार म्हणून सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. फाइलवर नुसतं "स्नायूंची कमजोरी" लिहून भागत नाही, कुठली ते हवं.

आता मुद्द्याचं. औषधाचा अंमल उतरला की नाही, हे ठरवायचं कसं? पूर्वापार रीत म्हणजे डोकं उचला, हात दाबा, जीभ बाहेर काढा. नाहीतर मनगटावर झटके देऊन अंगठा कसा हलतो ते बोटांनी चाचपायचं. मॅडम म्हणाल्या की चार झटके दिले आणि चौथा पहिल्याच्या चाळीस टक्के इतका झाला, की बोटाला चारही सारखेच लागायला लागतात. हवा असतो तो नव्वद टक्के. म्हणजे चाळीस ते नव्वदमधला सगळा पट्टा हाताला कळतच नाही. आणि घशाचे, गिळायचे स्नायू नेमके याच पट्ट्यात नीट चालत नाहीत.

मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे टेस्टर आणि मीटर."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं. आमच्या खिशात निऑनचा टेस्टर असतो. फेजला लावला की दिवा लागतो. पण २३० व्होल्ट असले तरी लागतो आणि १४० असले तरी लागतो. दिवा बघून "सप्लाय आहे" म्हणणाऱ्या हेल्परमुळे आमच्याकडे एक चांगली मोटर जळाली होती. सप्लाय होता, पण पुरेसा नव्हता. त्या दिवसापासून आमच्या खात्यात फक्त मीटरचा आकडा लिहायचा, दिवा नाही.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, पुढच्या लेक्चरला वापरते.

चार झटक्यांची ही रीत १९७० च्या सुमारास लिव्हरपूलमधून आली. अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं चार झटके, चौथ्याला पहिल्यानं भागायचं. सुरुवातीला सत्तर टक्के पुरेसे धरायचे, पुढे लक्षात आलं की सत्तरला माणूस श्वास घेतो पण नीट गिळू शकत नाही, म्हणून नव्वद. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेनं स्पष्ट लिहिलं की हे मशीननं मोजा, अंगठ्यापाशी मोजा, नव्वद झाल्याशिवाय घशातली श्वासाची नळी काढू नका. हा नियम निरोगी माणसांसाठीसुद्धा आहे. हे वाचल्यावर मात्र मला थोडा राग आला. माझा आजार लपलेला होता, त्याचं खापर कुणावर फोडणार? पण त्या दिवशी तिथे मोजणारं यंत्र असतं तर आजाराचं नाव कळलं नसतं तरी आकडा दिसला असता, आणि नळी आणखी तासभर राहिली असती.

ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. आदल्या रात्री झोपेची गोळी नाही. सकाळी सहाला पायरिडोस्टिग्मिन, घोटभर पाण्याबरोबर. काही ठिकाणी ती सकाळची बंद ठेवतात, माझ्या बाबतीत दोन्ही डॉक्टरांनी बोलून चालू ठेवली. बाहेर पाऊस असा की ठाणे-बेलापूर रस्त्यावर मेहुण्याची रिक्षा अडकली आणि सही करायला तो धावत आला.

टेबलावर आडवं केल्यावर मॅडमनी उजव्या मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दोन चिकटपट्ट्या लावल्या आणि अंगठ्याला सेन्सर बांधला. हात उबदार कापडात गुंडाळला, गार हाताचे आकडे फसवतात म्हणून. बोटं बाजूला बांधली, अंगठा मोकळा. "तुम्हाला बघायचंय ना? एकदाच, छोटासा," म्हणाल्या आणि वीस मिलिअँपिअरवर चार झटके सोडले. टक, टक, टक, टक. अंगठा आपला आपण आत ओढला गेला. दुखलं असं नाही, पण दहा वेळा घ्यावंसं वाटणार नाही. झोपल्यावर त्या पन्नास-साठपर्यंत नेणार होत्या. घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, तीस मिलिअँपिअरला ट्रिप होतो, कारण त्यापुढे जीव जाऊ शकतो, हे मी शिकाऊ मुलांना चोवीस वर्षं सांगत आलोय. इथे साठ! उत्तर मीच मनात दिलं. हा पल्स सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतकाच टिकतो, आणि करंट मनगटातल्या मनगटात फिरतो, छातीतून जात नाही. पायाखाली अर्थिंग आहे का बघायला मान वळवली तेवढ्यात पांढरं औषध सलाइनमध्ये गेलं.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी आयसीयूत कळलं. मॅडमनी नोंदींचा कागद आणून दाखवला, कारण मी भेटीतच मागून ठेवला होता.

झोप लागल्यावर, पण स्नायूंचं औषध द्यायच्या आधी, त्यांनी माझा मूळ आकडा घेतला. ८६. म्हणजे कुठलंही औषध नसताना माझा चौथा झटका पहिल्याच्या ८६ टक्केच. निरोगी माणसाचा शंभरच्या आसपास येतो, काही मशीनवर शंभराच्या वरही जातो, म्हणून सुरुवातीचा आकडा घेऊन ठेवणं गरजेचं. तो ९० च्या खाली आला की समजायचं, हा माणूस औषधाला हळवा आहे. त्यांनी स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम नेहमीच्या डोसच्या पाव भागाइतकं दिलं. चारही झटके गायब. पुढच्या अडीच तासांत दुसरा डोस लागलाच नाही. सर्जननी उजव्या बाजूनं, बरगड्यांमधून दुर्बीण घालून, एक फुप्फुस बंद ठेवून गाठ आणि ग्रंथी दोन्ही काढल्या. त्यांचं काम मोठं, पण ते मी पाहिलं नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

शेवटी पडद्यावर चारपैकी दोन झटके परत दिसायला लागले होते. अंमल उतरवायचं जुनं औषध निओस्टिग्मिन. ते माझ्या गोळीच्याच कुळातलं, फटीत असिटिलकोलीन वाढवून अडवणाऱ्याला ढकलून काढतं. मी आधीच त्या कुळातली गोळी घेत होतो, त्यात आणखी घालणं धोक्याचं. म्हणून सुगामाडेक्स. याची तऱ्हा मला फार आवडली. ते कॉन्टॅक्टरला हातच लावत नाही. साखरेच्या कड्यांचं एक पोकळ पिंप आहे, रक्तात फिरत असलेल्या रोक्युरोनियमचा रेणू त्या पिंपात जाऊन बसतो आणि बाहेर येऊ शकत नाही. रक्तातलं औषध कमी झालं की फटीतलं आपोआप बाहेर ओढलं जातं. मुख्यतः रोक्युरोनियम आणि त्याचा भाऊ व्हेक्युरोनियम, यांना ते धरतं. अॅट्राक्युरियम हे स्नायू सैल करणारं वेगळ्या कुळातलं औषध वापरलं असेल तर सुगामाडेक्सचा काही उपयोग नाही, म्हणजे उतरवायचं कसं हे चढवायच्या आधीच ठरवावं लागतं. माझं वजन सत्तर, किलोला दोन मिलिग्रॅम या हिशेबानं १४० मिलिग्रॅम. कागदावर पुढच्या नोंदी हातानं लिहिलेल्या होत्या: ३१, ५८, ७४, ८३, ८६.

तिथे मी बोट ठेवलं. "नव्वद कुठाय?"

"तुमचा मूळच ८६ आहे," मॅडम म्हणाल्या. "जिथून निघालात तिथे पोचलात. नव्वदची वाट बघत बसले असते तर आपण अजून ओटीतच असतो."

त्या दिवशी "डोळे उघडा" ऐकू आलं तेव्हा डोळे उघडले. मॅडमच्या टोपीवर हत्ती छापलेले होते. मी सगळ्यात आधी थुंकी गिळली, ती गेली. मग परत एकदा गिळून पाहिली. कुणीतरी डोकं उचलायला सांगितलं, मी उचललं, आणि ते आता ठेवा म्हणेपर्यंत धरून ठेवलं. हा हट्ट होता हे कबूल.

आयसीयूतले दोन दिवस काही छान नव्हते. बरगडीतली नळी खोकताना अशी टोचायची की खोकला आला की मी छताला हात जोडायचो. श्वास आत ओढून तीन रंगीत चेंडू वर उचलायचं खेळणं तासातासाला. दर चार तासांनी कुणीतरी येऊन एका श्वासात मोजायला सांगे, एकोणीस, बावीस, सव्वीस. या आजारात ऑपरेशननंतरच्या दिवसांत श्वासाचे स्नायू अचानक थकू शकतात, त्यामुळे त्या आकड्यावर सगळ्यांचा डोळा होता. दुसऱ्या रात्री एक प्रसंग झाला. रक्तात मॅग्नेशियम कमी आलं म्हणून नवख्या डॉक्टरांनी मॅग्नेशियमची सलाइन लिहिली. सिस्टर बाटली घेऊन आल्या, फाइल उघडली, आणि आतल्या लाल कागदावर त्यांची नजर गेली. भूलतज्ज्ञ मॅडमनी तो चिकटवला होता: मॅग्नेशियम, जेंटामायसिन, अमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन विचारल्याशिवाय देऊ नये. मॅग्नेशियम नसेच्या टोकातून असिटिलकोलीन सुटणंच कमी करतं. सिस्टर बाटली परत घेऊन गेल्या, मला काही बोलल्या नाहीत. मी जागा होतो, सगळं पाहत होतो. आमच्याकडे पॅनेल बंद करून काम करताना "माणूस काम करत आहे, स्विच लावू नये" अशी पाटी आणि कुलूप लावतात. कुलूप लावायचं राहिलं तरी पाटी वाचणारा असला तर माणूस वाचतो.

सहाव्या दिवशी घरी. गाठ तिच्या पापुद्र्याच्या आतच होती, त्यामुळे पुढे किरणोपचार लागले नाहीत. गाठ गेली म्हणजे आजार गेला असं नसतं. फरक पडायला महिने, कधी वर्षंही लागतात, हे आधीच सांगितलं होतं. आता गोळ्या चारावरून तीनवर आल्यात, स्टेरॉइड निम्म्यावर. ऐरोलीची पाटी बहुतेक संध्याकाळी एकच असते. शटडाउनच्या आठवड्यात, ओव्हरटाइम झाला की गुरुवार-शुक्रवारी परत दोन होतात. पॅनेलवरचं बारीक काम मी सकाळी उरकतो, दुपारनंतर कागदपत्रं.

लाल कागदाची मी छोटी नक्कल करून लॅमिनेट केली आणि कंपनीच्या ओळखपत्रामागे ठेवली. एका बाजूला टाळायच्या औषधांची नावं, दुसऱ्या बाजूला मॅडमच्या अक्षरातला हिशेब: मूळ आकडा ८६, रोक्युरोनियम पाव डोस, सुगामाडेक्स १४०. मागच्या महिन्यात दाढ काढायला नौपाड्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, मुद्दाम सकाळी साडेनऊची वेळ घेऊन, गोळी घेतल्यावर तासाभरानं. काही आजार आहे का विचारल्यावर मी कार्ड पुढे केलं. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, माझ्या न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावला, अँटिबायोटिक बदललं. मग म्हणाले, "काका, खाली कोपऱ्यावर झेरॉक्स आहे. याच्या दोन कॉप्या काढून आणता का? एक मला हवीय."